इतिवृत्तात नसलेलं

बैठक दुपारी साडेतीनला सुरू झाली.
बॅलार्ड पिअर, तिसरा मजला.
एसी चालू, खिडकीही उघडी,
कारण एसीवर कुणाचाच भरवसा नाही.
पडद्यावर हाम्बुर्ग, अँटवर्प, ग्दान्स्क
आणि एक काळी चौकट,
जिच्यात शेवटपर्यंत फक्त कुणाचातरी कुत्रा भुंकत होता.
मी दमयंती रणपिसे, वरिष्ठ लिपिक,
इतिवृत्त लिहायला.

विषय क्रमांक एक : तो खेकडा.
मूळचा चीनचा. नांग्यांवर केसांचे हातमोजे.
शंभराहून जास्त वर्षं झाली,
बोटीच्या पोटातल्या पाण्यातून म्हणे तिकडच्या नदीत उतरला
आणि उतरला तो उतरलाच.
काठ पोखरतो, जाळी कापतो.
जन्मतो समुद्रात, वाढायला नदी चढतो,
पिल्लं घालायला पुन्हा खाली.
माहेर खारं, सासर गोडं.
वाटेत तीन देश लागतात, ते त्याला कुणी सांगितलेलं नाही.
एक देश पकडायचा,
दुसरा मोजायचा,
तिसऱ्याचा कायदा अजून मसुद्यात होता.

समोर टेबलावर बरणी. बरणीत त्यातलाच एक,
गेल्या वर्षी माहुलच्या खाडीत
चांगुणाबाय वैतींच्या फगात आलेला.
म्हणून चांगुणाबायना निमंत्रण,
आणि वसईच्या फ्लेव्हिया लोपीस दुभाषी.

चांगुणाबायनी बरणी फिरवून पाहिली.
"थंडी वाजते काय रं याला?"
मग पडद्याकडे :
"भाव काय येतो?"
जिवंत विकायला बंदी आहे, असं उत्तर आलं.
मेलेल्यांचं काय करता?
पुरतो. कधी खत.
त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
फ्लेव्हियाने अनुवादासाठी तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

अँटवर्पच्या हेंड्रिकेबाईंनी सापळा दाखवला :
नदीच्या तळाला आडवी पन्हळ,
चालता चालता खेकडा आत पडतो.
अडचण एकच, काही वर चढून निसटतात.

इथे आमच्या साहेबांना तो विनोद आठवला,
मराठी खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, तो.
फ्लेव्हियाने इमानेइतबारे सांगितला.
कुणी हसलं नाही.
हाम्बुर्गने विचारलं : टोपली किती खोल?
कडेचा कोन किती?

साहेब पाणी प्यायले.
चांगुणाबायनी पदर खोचला,
दोन्ही तळवे टोपलीसारखे धरले,
थोडे आत झुकवले, अजून थोडे.
"असं. आन पाय कोन कोनाचा वढत नाय, साहेब.
टोपलीत धराला दुसरं काय हाय?"

हेंड्रिकेबाई कागदावर रेघ ओढत होत्या.
मी लिहिलं : कोनाबाबत तांत्रिक चर्चा झाली.

मग चांगुणाबाय म्हणाल्या, आता माझा येक.
आमच्या खुंटांवर, जाळ्यांच्या दोरांवर
पट्ट्यापट्ट्यांची शिंपली चिकटलीय,
आमच्या खाडीची नाय.
तुमच्या बोटींनी आनली.
तिची मीटिंग कवा?

काळ्या चौकटीतला कुत्राही गप्प.
साहेबांनी माझ्याकडे बघून हळूच बोट हलवलं.
मी लिहिलं : विषयपत्रिकेबाहेरील मुद्दा.

पुढची तारीख ठरली, ठरता ठरता चांगुणाबाय उठल्या.
"त्या दिशी अवस. चिंबोरी भरलेली असते.
मी नाय येनार."
फ्लेव्हियाने चंद्र, मांस, बाजार, सगळं समजावलं.
हाम्बुर्गने कॅलेंडर उघडलं. ग्दान्स्कची सुट्टी आड येत होती,
ग्दान्स्कने सोडली.
तारीख चार दिवस पुढे.
दोन तासांत एकमताने झालेला
हा एवढाच ठराव.

खोली रिकामी झाल्यावर मी कच्चा मसुदा पुन्हा काढला.
बरणी कागदावर ठेवली, वारा होता.
विषय क्रमांक दोन, मी लिहिलं, शिंपली.
पेनाने. पेन्सिलीने लिहिलेलं
इथे खोडलं जातं.