दुसऱ्या कडव्यातला शब्द

थंडर बे, जानेवारी, उणे चोवीस.
लाँड्रीतली पाळी संपवून तशीच आले,
हातांना अजून इस्पितळाच्या चादरींचा वास.
दारात डार्सी. सात डॉलर, आणि मनगटावर शिक्का:
आज बदक. गेल्या शनिवारी 'थकबाकी' होतं,
कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीतलं.

तळघर. छत इतकं खाली
की उंच माणसं आपोआप नम्र होतात.
मी डोकी मोजली: एकोणीस.
त्यांतले अकरा वाजवणारे,
दोघं कुणाचे तरी आईबाप,
एक बारवाली, एक मी,
उरलेले चौघे बाहेर थंडी होती म्हणून.
इथलं हे जुनंच गणित.
एक बँड वाजवतो, दोन ऐकतात,
मग जागा बदलायच्या.
टाळ्यासुद्धा हातउसन्या,
त्याच रात्री फेडायच्या.

पहिल्यांनी पाच गाणी सुरू केली, त्यांतली तीन संपवली.
दुसऱ्यांचा ड्रमवाला कागद गिरणीतून सुटलाच नाही,
तेव्हा पहिल्यांच्यातली बासवाली जाऊन बसली
त्याच्या स्टुलावर, आयुष्यात पहिल्यांदा,
आणि खरं सांगू का,
तो असतो त्यापेक्षा बरं झालं.
आवाज असा की बरगड्यांच्या आत
कुणी कपाटं सरकवतंय.

मी भिंतीला टेकून. भिंतीलाही घाम.
पत्रकावर पत्रक, पिनेवर पीन,
नखाने उकरत गेलं तर
खाली कुठेतरी आम्ही निघू:
मी, टुला, आणि ड्रमवर रेयो लेहतिनेन,
जो आता कॅमलूप्सला पोहण्याचे तलाव विकतो
आणि नाताळला कार्ड पाठवतो,
त्यावर फोटो तलावाचाच.

साडेअकराला तिसरे चढले.
गाणारी शायला मिचानो, विशीची असेल नसेल.
तार पिळता पिळता म्हणाली,
"हे आमचं नाही.
जुन्या सामानाच्या दुकानात कॅसेट मिळाली, पन्नास सेंटला.
कव्हर नव्हतं. कुणाचं, देव जाणे."

पहिले चार ठोके,
आणि माझ्या गुडघ्यांनी
माझ्या आधी ओळखलं.

ऐंशी काढल्या होत्या आम्ही, एक्याण्णव साली.
साठ विकल्या, बारा वाटल्या,
आठ टुलाच्या गाडीत उन्हाने वाकल्या.
गाणं धक्क्यावरच्या रिकाम्या धान्यकोठारांचं.
दुसऱ्या कडव्यात मी लिहिलं होतं,
'पाणी मला विसरत नाही.'
तेव्हा वाटायचं, एवढ्या मोठ्या सरोवराला
माझी आठवण ठेवण्याखेरीज उद्योग तो काय.

खरखरीतून तिच्या कानी पडलं ते वेगळंच.
ती गायली,
'पाणी मला विचारत नाही.'
एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा डोळे उघडे ठेवून,
तक्रार नाही, काही नाही,
जसं कुणी सांगावं की आज मंगळवार.

चौतीस वर्षं
त्या ओळीत काहीतरी खुपत होतं,
बुटातल्या खड्यासारखं.
खडा पडला.

नंतर दाराचे पैसे वाटले: बँडमागे सोळा डॉलर,
एक उरला, तो डार्सीने बारवालीच्या बरणीत टाकला.
शायला केबल गुंडाळत होती, कोपरात धरून,
आम्ही गुंडाळायचो तशीच.
मी म्हटलं, "ते कॅसेटवालं. दुसरं कडवं."
ती ओशाळली. "तिथे नीट ऐकूच येत नाही हो,
अंदाजाने म्हणतो आम्ही."
"अंदाज बरा आहे," म्हटलं.
जिभेवर आणखी एक वाक्य होतं.
ते तिथेच राहिलं.

मग ॲम्पचं एक टोक तिने धरलं, एक मी.
सतरा पायऱ्या. नवव्या पायरीवर बर्फ,
तो तेव्हाही नवव्याच पायरीवर असायचा.
"सांभाळून," ती म्हणाली,
म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तसं.

व्हॅन गेली. माझी गाडी तिसऱ्या किल्लीला सुरू झाली.
काच खरवडताना बाहीतून बदक दिसलं.
रेयोला दोन ओळी टाकायला हव्यात:
कडवं दुसरं, एका शब्दाची दुरुस्ती.
तलावांचं कसं काय चाललंय.