बुडबुडा

पावणेपाचला पुलापाशी गाडी येते.
ड्रायव्हर हॉर्न मारत नाही, दिवे दोनदा मिचकावतो,
गावातली कुत्रीही आता भुंकत नाहीत.
कांता वाढई, कौसल, मडावींची रेवती, मी,
आणि ती निमखेड्याची, जी कधीच बोलत नाही.
मांडीवरच्या डब्यांतला वांग्याचा वास
फाट्यापर्यंत पुरतो,
मग तुरी संपतात आणि कुंपण लागतं.

गेटवर सगळं काढून ठेवायचं.
मंगळसूत्र, जोडवी, पिना, मोबाइल.
कौसलला तर ब्लाउजचे हूक उसवून
बंद शिवायला लावले.
अंगावर फक्त सुती.
मग भिंतीतल्या तांब्याच्या पट्टीवर तळहात टेकायचा,
अंगातली वीज मातीत जाऊ द्यायची.
पहिल्या दिवशी मी उगाच नमस्कार केला तिला.
सुपरवायझर हसला,
बाई, देव नाही तो, अर्थिंग आहे.

आत आम्ही भरतो.
गरम, पातळ, काकवीच्या रंगाचं,
लोखंडी पोटात ओतायचं
आणि बुडबुडा राहू द्यायचा नाही.
बुडबुडा राहिला तर ते भलत्या वेळी फुटतं,
भलत्या माणसांवर, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं.
भलती म्हणजे कोणती, ते नाही सांगितलं.
तीन वर्षं मी बुडबुडे शोधते आहे,
डाळीत खडा शोधावा तसे.
माझा हात साफ आहे.
माझ्या ओळीतून गेलेलं एकही परत आलं नाही.

तळहात पिवळे होतात. चिंच लावली, राख लावली, जात नाही.
धाकटी विचारते, रोज कोणाची हळद लावून येतेस?

खोक्यांवर देशाचं नाव नसतं.
चुकून आलंच, तर दुसऱ्या दिवशी त्यावर काळा रंग.
जेवणाच्या सुट्टीत कांता म्हणाली,
"कोन्या देशात चालली वं ही लढाई?"
रेवती म्हणाली,
"पयले म्हने दोघं भांडत होते. तिसरा आला सोडवाले.
तिसऱ्याले मदत कराले चौथा.
आता ते पयले दोघं कोठी गेले, कोनाले ठाव नाही."
आम्ही हसलो. ठेचा तिखट होता.
रेवतीचा भाऊ सोळाव्या वर्षी जंगलात गेला,
त्यालाही सोडवायला दोन्हीकडून माणसं आली होती.
हे ती सांगत नाही.
आम्ही विचारत नाही.

पोळ्याच्या सुट्टीत भाच्याने मोबाइलवर दाखवलं.
एक गल्ली, धूळ, अर्धी भिंत,
भिंतीवर मिरच्यांची माळ जशीच्या तशी,
आपल्या भिवापुरीसारखी, जरा लांबोडी.
समोर आठ-नऊ वर्षांचं पोरगं
लोखंडाचा तुकडा दोन्ही हातांनी धरून.
तुकड्यावर आकडे.
मी दोन बोटांनी मोठं केलं. आणखी मोठं केलं.
आकड्यांचे चौकोन झाले,
चौकोनांचा नुसता राखाडी.
पहिला तीन असावा. किंवा आठ.
आमचा लॉट तीनने सुरू होतो.
"मावशी, काय पाहून राहिली एवढं?"
म्हटलं, मिरच्या.

भंगारातली एक पेटी मी दीडशेला घेतली, कोंबडीसाठी.
तिच्यावर बाण आहे, वरची बाजू वर,
पेल्याचं चित्र आहे, सांभाळून न्या,
आणि एक ओळ अशा लिपीत
जी गावात कोणालाच येत नाही.
आत कोंबडी नऊ अंड्यांवर बसली आहे.
रात्री झोप मोडली की एक अंडं काढून
मोबाइलच्या उजेडापुढे धरते.
बोथट टोकाला बुडबुडा दिसतो.
पहिल्यांदा दिसला तेव्हा हात आपोआप
ते बाजूला ठेवायला गेला, खराब माल म्हणून.
कौसल म्हणाली, येडी का तू,
तो पाहिजेच. पिल्लू पहिला श्वास
त्याच्यातूनच घेते.

कोंबडीने हाताला टोच मारली.
अंडं परत ठेवलं.
पुलापाशी दिवे दोनदा मिचकावले.