पानाचा अंश

नाबुलमध्ये मार्च सरता सरता
गल्लोगल्ली एकच विचारणा:
आज फुलं किलोला किती?
नारिंगं कडू, तोंडात धरवत नाहीत,
फुलांचा भाव मात्र सोनाराच्या तोंडचा.

पहाटे, अंगावर दव असतानाच,
झाडांखाली चादरी पसरतात.
कळी जेमतेम उमललेली हवी.
पुरती फुललेली दुपारपर्यंत उधळून जाते,
मग तांब्याच्या पोटात टाकायला उरतं काय?

टनभर फुलं, किलोभर तेल.
हा हिशोब इथल्या पोरांना पाढ्यासारखा पाठ.

भांड्याला ते कत्तार म्हणतात.
वाफ चढते, वाकड्या नळीतून जाते,
थंड पाण्यापाशी येऊन हात टेकते.
आपल्याकडे याला शब्द आहे, ऊर्ध्वपातन.
वर नेऊन पाडणं.
शब्द रुक्ष आहे, पण खोटा नाही.

पाडल्यावर दोन थर. खाली पाणी,
वर फिकट पिवळं तेल, नखभर,
उन्हात धरलं की कडेला निळसर झाक.
ती झाक मिथाइल अँथ्रानिलेटची,
असं लल्ला शेदलियाची मुलगी रिहाब सांगते.
रिहाब ट्युनिसला, प्रयोगशाळेत,
चौथ्या मजल्यावर, पांढऱ्या कोटात.

ती सुईनं थेंबाचा थेंब टोचते
गुंडाळून ठेवलेल्या नळीत; केसाएवढी बारीक, तीस मीटर लांब.
पलीकडून एकेक जण बाहेर येतो:
पायनिन आधी, घाईचं,
मग लिमोनीन, लिनालूलचं उंच शिखर,
आणि शेवटी नेरोलिडॉल, फार्नेसोल, जड पावलांनी,
लग्नाला उशिरा पोचणाऱ्या थोरल्या आत्यांसारखे.
मध्ये कुठेतरी किंचित इंडोल.
एकटं हुंगलं तर शौचकूप,
गर्दीत लपलं तर फूल.

नऊ एप्रिलला नमुना आला, क्रमांक चारशे सतरा.
वर नाव नाही. नियमच तसा.
लिनालिल ॲसिटेट: अकरा टक्के.
या गावच्या फुलात पाचाच्या आसपास असतं.
ते खरं भरलेलं असतं पानात, कोवळ्या डहाळीत.
कुणीतरी पान मिसळलंय.
रिहाबनं बाटली उचलली.
बुचाला निळ्या लोकरीचा धागा,
तिच्याच लहानपणच्या स्वेटरचा.

रात्री फोन.
'पानं गेलीत, आई.'
पलीकडे कप विसळल्याचा आवाज.
'मन्नूबियाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय.
मजुरी वजनावर. तिची चादर मी सोडली
तेव्हाच दिसलं, हिरवं बरंच आहे.
निवडत बसले असते तर तिला कळलं असतं.'
'तिला तर दिसत नाही.'
'निवडण्याचा आवाज येतो गं.'

'मग मी आता काय लिहू?'
'यंत्रानं काय लिहिलंय?'
'अकरा.'
'मग अकराच. तुझ्या शिक्षणाचे पैसे
मी खोटं लिहायला भरले नव्हते.'
जरा थांबून:
'कुणाची चादर, असा रकाना आहे का तुमच्या कागदात?'
नव्हता.

रिहाबनं अकरा लिहिलं.
शेरा: पानाचा अंश. शुद्ध नेरोली म्हणून अमान्य.
खाली सही, नेहमीपेक्षा जरा मोठी.
दलालानं भाव निम्म्यावर आणला
आणि जाताना अंगणातली दोन लिंबंही नेली.

मेमध्ये ती घरी गेली तेव्हा
दारापाशी मन्नूबिया बसली होती, एका डोळ्यावर पट्टी,
कॉफीत फुलांच्या पाण्याचे थेंब मोजत.
मोजत म्हणजे ऐकत.
हे पाणी कुठल्या यंत्रात जात नाही,
घरातच राहतं, तापल्या कपाळासाठी,
पाहुण्यांसाठी, असंच.
त्यात पानाचा हिरवा कडवटपणा होता,
रिहाबला पहिल्याच घोटाला कळला.

तिनं आणखी अर्धा कप मागितला.