करंट गेल्यावर

आमच्या वडगावात अकराच्या सुमारास करंट जातो.
गल्लीतले सगळे माग एका दमात थांबतात,
धोटा जिथे असेल तिथे,
अर्धी साडी तोंडात धरून.
मग ऐकू येतं एकेक:
कुणाच्या तरी कुकरची शिट्टी,
गोट्यांवरून कानडीत भांडणारी पोरं,
आणि माझा डावा हात.

इतका वेळ तोही बोलतच असतो.
खडखडाटात ऐकू येत नाही, एवढंच.

करंट मलाही दिला होता.
पंचवीस दिवस, शनिवार-रविवार सोडून,
भिंतीएवढ्या जाड दाराआड एकटीला झोपवून.
छातीवर जांभळ्या शाईच्या रेघा,
शिंपी कापायच्या आधी मारतो तशा.
पुसू देऊ नका म्हणाले.
सव्विसाव्या दिवशी म्हणाले, संपलं.
फाईल साडीच्या पिशवीत घातली
आणि गोवावेसला वडगावची बस धरली.

घरी भावजय कुंदा घेऊन बसलेली.
"सुटलीस गे बाई," म्हणाली.
कुंदा जिभेवर ठेवला,
जुन्या नाण्याची चव.
गोड आहे, म्हटलं.
सगळ्यांनी ऐकलं,
आणि त्या दिवसापासून कुणी काही विचारलं नाही.

तसं त्यांचंही चुकलं नाही.
आजारी माणसाला बघायला लोक येतात.
बऱ्या झालेल्या माणसाकडे काय बघायचं?

बरी झालेली बाई रात्री तीनला उठते.
तळपायांना मिरची लागल्यासारखं होतं,
भिंत धरून स्वयंपाकघरात जाते,
पाण्याच्या घागरीला पाय टेकवून बसते.
डाव्या हातात चार बांगड्या होत्या, आता एक चढत नाही.
शिवलिंग कूस बदलतो, विचारतो, "काय झालं?"
"पाणी प्यायला उठले."
काखेत कळ आली की
कळ मागून येते,
आधी येतो प्रश्न.
बोटं तिथे जातात, चाचपतात.
पण बोटांनाच हल्ली काही कळत नाही.

हां, बोटांचं सांगायचं राहिलं.
वीस वर्षं मी कांड्या भरल्या, तुटलेले धागे सांधले.
बोलता बोलता गाठ मारायचे, न बघता,
केसाहून बारीक,
फणीला पत्ता न लागता निघून जाणारी.
एक गाठ त्यांनी कापून काढली,
उरलंसुरलं औषधानं धुतलं,
आणि औषध जाता जाता बोटांची टोकंही घेऊन गेलं.
आता चिमटीत धागा आहे की नाही
हे डोळ्यांना विचारावं लागतं.

पलीकडची नीलव्वा उंबऱ्यातून रोज विचारते,
"आराम अदीयेनवा?"
मी म्हणते, "आराम."
तिच्या भाषेत आराम, माझ्याही भाषेत आराम.
खोटं बोलायला कानडी यावं लागत नाही.

परवा करंट गेला तेव्हा ती आमच्या मागाशीच उभी होती.
मी एक तुटका धागा धरून बसलेले,
सात वेळा निसटलेला.
त्या दिवशी तिनं विचारलं नाही.
मीच म्हणाले,
"त्रास ऐती, नीलव्वा."
त्रासही दोन्हीकडे त्रासच.

ती खाली बसली.
धागा माझ्या हातातून घेतला नाही,
देवाचं नाव काढलं नाही,
तिच्या मावशीचं कसं झालं तेही सांगितलं नाही.
मोबाईलचा टॉर्च लावला
आणि माझ्या बोटांवर धरून राहिली.
आठवी निसटली. नववी.
मधे एकदा तिचा हात अवघडला, तिनं टॉर्च या हातातून त्या हातात घेतला.
तेराव्या वेळी बसली.
ओबडधोबड, मोहरीएवढी.

करंट आला.
सगळी गल्ली एकदम ओरडायला लागली.
नीलव्वाचे ओठ हलले, काय म्हणाली कळलं नाही.
मी फणीकडे बघत होते.
अडली, थरथरली,
गेली.

पदरापासून वीतभर आत आहे ती.
मालक तीस रुपये कापेल.
अठ्ठावीस तारखेला मला पुन्हा तपासायला बोलावलंय,
तोवर ती साडी कुठल्या तरी दुकानात घडी होऊन पडलेली असेल.
मग कधीतरी, निऱ्या करून झाल्यावर,
पदर सारखा करताना
कुणाच्या तरी बोटाला ती लागेल.

तिला लागेल.
मला लागली नव्हती.