मिनिटाला अठ्ठ्याहत्तर

चौतीस वर्षं म्हापशाच्या सर्व्हे ऑफिसात
रेकॉर्ड सांभाळली मी, एक-चौदाचे उतारे, वाळवीसकट.
निवृत्तीनंतरही तेच करतात, असं वृंदा
पाहुण्यांना सांगते,
फक्त आता ती फिरतात
आणि खोकतात.

शुक्रवारच्या बाजारात, चोरीसांच्या माळांपलीकडे
मिंगेल पोतं उघडतो.
लाखेच्या तबकड्या, काळ्या, जड,
एकमेकींच्या अंगावर रेलून झोपलेल्या.
एकीवर कुणा आंधळ्या गवयाचं नाव होतं, मिसिसिपीकडचा.
दोनशेला घेतली, घासाघीस न करता
(आनंद दिसला की मिंगेल भाव चढवतो).
घरी सुई टेकवली,
तर पोर्तुगीजमध्ये दंतमंजनाची जाहिरात.
लेबल कुणीतरी वरून चिकटवलेलं.
तीही ऐकली. दोनदा.
बाईचा आवाज बरा होता.

जुलैत बुरशी धरते, पिठी पेरल्यागत.
स्पिरिटने पुसायची नसते, लाख विरघळते.
हे ज्ञान मला तीन तबकड्यांना पडलं.
एक मे महिन्यात स्कूटरला टांगून
पणजीत बँकेत गेलो, रांग मोठी होती.
परत येईतो तिचा द्रोण झालेला.
वृंदाने तीत अबोली लावली.
पाणी निथळायला
भोक आयतंच होतं.

पण एखाद्या सकाळी
सुकुरच्या कुणा तारवट्याच्या पेटीतून
डांबरगोळ्यांच्या वासात एक निघते, धड.
आधी नुसती खरखर,
सुपात सुकी सोलं पाखडल्यासारखी,
मग त्यातून क्लॅरिनेट
पाटाचं पाणी सोडावं तसं
वाट काढत येतं.
चहा हातातच निवतो.
इंग्रजी मला कचेरीपुरतंच.
पण नदी चढली, बाई गेली, भाडं थकलं,
एवढं कळतं.
असले अर्ज मी पुष्कळ वाचलेत.

उसकईला चॅपेलच्या उतरणीवर एर्मेलिंदाबाय राहते.
तिचा भाऊ क्रिस्पिन कलकत्त्याच्या हॉटेलात
कॉर्नेट वाजवायचा. एकदाच रेकॉर्ड झाला.
लेबलवर बँडमास्टर. क्रिस्पिन कुठेच नाही.
"दुसऱ्या बाजूला, मध्यावर," ती म्हणाली,
"सोळा मोजेपर्यंत जे वाजतं, ते आमचं.
घेऊन जा, पात्रांव. पैसे नकोत.
पण एकदा मला ऐकव.
माझं यंत्र उंदरांनी नेलं."

गिरीला नवा गतिरोधक घातलाय, रंग न मारता.
आवाज मी ओळखला.
खाजं मोडावं तसा, कुरकुरीत, छोटा.
तुटली नव्हती. कडेपासून लेबलपर्यंत
केसाएवढी चीर.
पण सुई केस ओळखते:
टक्, टक्, टक्,
मिनिटाला अठ्ठ्याहत्तर.

तीन रविवार मी तिकडे फिरकलो नाही.
चौथ्याला वृंदाने चावीचं यंत्र स्कूटरवर ठेवलं
आणि पाठीमागे स्वतः बसली.

एर्मेलिंदाबायने पंखा बंद केला.
कोंबडीला बाहेर हाकललं.
टक्, टक्. बँड आला, पियानो आला,
आणि मग तो,
जरासा उशिरा, धावत, शर्ट खोचत आल्यासारखा.
ती खिडकीकडे बघत राहिली.
संपल्यावर म्हणाली,
"हे टक् पूर्वी नव्हतं."

मी गतिरोधक सांगितला. रंगाचंही सांगितलं.
सरकारी नोकर होतो, दोष कुणाचा
ते नोंदवायची सवय.

"आमचा बापाय," ती म्हणाली,
"टेबलावर छडी आपटून मोजायचा त्याला.
हा तरी पळायचाच.
लाव परत. आणि मोज."

मी मोजलं.
सतरा भरले.
पुन्हा लावून मोजलं, वृंदानेही बोटांवर मोजलं.
एक टक् मध्ये धरला गेला असेल,
नाहीतर क्रिस्पिनने
कुणालाच न विचारता
एक जास्तीचा घेतला.