आठव्या भागाबद्दल

आठवा भाग कुणालाच पटला नाही.
सांगलीच्या मार्केट यार्डात, वजनकाट्याला मोबाइल टेकवून
चौघांनी तो जेवणाच्या सुट्टीत बघितला,
डोक्याला डोकी लावून, कारण बाहेर हमाली चालू आणि आवाज बारका.
हळदीची धूळ काचेवर बसत होती.
मधेच कुणीतरी बाहीनं पुसायचं
आणि मुनीम आणखी पिवळा व्हायचा.

सुकुमार चौगुले फार चिडला.
म्हणाला, पहिले तीन भाग काय होते! अंगावर काटा.
आता नुसता धूर. धूर, लाल डोळे आणि ढोल.
अरे, मुनीम आहे तो. मेलेल्यांची खाती लिहितो.
त्यानं किंचाळायचं कशाला?
वही उघडावी, नाव वाचावं, बास.

यास्मिन मुल्ला पावत्या फाडते. तिचं म्हणणं,
डबिंगनं वाट लावली.
‘कृपया माझ्यासमवेत चला’ म्हणे!
असं बोलावल्यावर कोण मरायला जाईल?
इकडचा असता तर नुसतं म्हणाला असता,
‘चल की गा. किती वेळ झाला.’

नेमगोंडा अण्णा डबा बंद करत होते.
हरिपुरात चाळीस वर्षं पेवं उघडलेला माणूस.
‘पेव असं नसतंय,’ म्हणाले.
‘ह्यांनी विहीर दाखवलीया. शिडी काय, बॅटरी काय.
पेवाचं तोंड एवढंसं, पोट ही मोठं.
आधी उघडून ठेवायचं. मग कंदील सोडायचा.
बॅटरीला काय कळतंय? ती मुडद्यावर बी जळती.
कंदील गुदमरला की आपण थांबायचं.
आत भूतबीत काय नसतंय.
हवा नसती. एवढंच.’

मला कुणी विचारलं नाही.
मी आकडे लिहीत होतो, पोत्यामागून पोतं.

ती चित्रकथा मी वाचलेली आहे.
भूपालदादा आणायचा, स्टँडजवळच्या वाचनालयातून,
आठ आणे दिवसाला, कव्हर फाटलं तर रुपया.
चौदाव्या पानावर माणूस खड्ड्यात उतरतो
आणि पुढची चौकट नुसती काळी.
काही नाही तिच्यात. डोळे नाहीत, अक्षर नाही.
मी म्हणालो, छपाई चुकलीय.
दादा म्हणाला, ‘न्हाई. आत गेलाय तो. आता तू थांब.’
‘किती?’
‘ते लिहिलेलं नसतंय.’
मी त्या काळ्यावर अंगठा ठेवून बसलो.
शाई स्वस्तातली. अंगठ्याला लागली,
दोन दिवस निघाली नाही.

मोठ्या पुराच्या आधीच्या साली
मालाला भाव आला होता, ट्रक येऊन उभा,
कंदिलाची काच फुटलेली.
‘जातो आणि येतो,’ म्हणाला.
वर मी. हातात दोर.
दोर आधी हलत होता.

तर माझं मत असं,
की त्यांनी ती चौकट भरायला नको होती.
धूर घातला, डोळे घातले, आणि वर कळस म्हणजे
उतरलेला माणूस हात टेकत टेकत परत वर आणला,
अंगाला माती, तोंडावर हसू.
असं होत नाही. पुस्तकातही झालं नव्हतं.
हे सगळं मी सायकलवर मनात जुळवत आलो,
सुकुमारला उद्या सांगायचं म्हणून.

घरी पद्मल वहिनी टीव्हीपुढे होती.
निवडायला घेतलेली मेथी तशीच मांडीत.
आठवा भागच.
मी म्हटलं, फालतू झालाय ना हा?
ती पडद्याकडेच बघत म्हणाली,
‘मला आवडला.’
मग थोड्या वेळानं,
‘आला की वर.’

चप्पल काढायची राहिलेली माझ्या पायातली.
रिमोट तिच्याकडून दाबला जात नाही नीट, बटण घट्ट झालंय.
‘तेवढं मागं घे की,’ म्हणाली,
‘तो हात दिसतो तिथपर्यंत.’

घेतलं.