खालनं दाखव

फोन मी धरायचो.
मेस्त्रींची बोटं कायम सरसानं भरलेली,
काचेवर टेकली तरी काच ओळख देत नसे.

रात्री साडेआठला, तिकडे अजून ऊन असताना,
भाग्या कोपनहेगनमधून यायची
आणि खानापूर रोडवरच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये,
भुशाच्या ढिगावर,
एक शहर उघडायचं.

बंदर दाखवलं तिनं. पिवळी-तांबडी घरं. सायकलीच सायकली.
कल्लाप्पा मेस्त्री बिडी विझवत म्हणाले,
ते राहू दे गे.
बसायला काय केलंय त्यांनी?

तेव्हापासून ती खुर्च्याखुर्च्यांतून चालू लागली.
वाचनालयातली, पावाच्या दुकानातली,
नदीसारख्या त्या खाडीच्या काठावरचा बाक,
आणि एकदा ते म्युझियम,
एकेका खणात एकेक खुर्ची,
वरून उजेड, देव्हाऱ्यात ठेवल्यासारखी.
"कोणच कसं बसालं नाही?"
"बसायचं नाही बाबा. बघायचं."
"मग खालनं दाखव."

ती गुडघ्यावर बसली, मग आडवीच झाली फरशीवर.
गार्ड आला. काय बोलला ते कळलं नाही.
पण थोड्या वेळानं तोही वाकला.

कुसू खाचेत असा बसलेला
की केस जाणार नाही.
"खिळा नाही. दुंड्या, बघ, एक पण खिळा नाही!"
बैठकीची वीण कागदाच्या दोरीची, असं ती म्हणाली
तेव्हा हसले,
"का, सुंभ संपला काय त्यांचा?"
मग एकदम गप्प.
"हा साग आहे. एवढ्या थंडीत साग येत नाही."
लोंढ्याच्या डेपोतले ओंडके आठवले असतील,
त्यांच्या तोंडावर घणानं मारलेले शिक्के.
कुठल्या जंगलाचा, ते खुर्चीखाली लिहिलेलं नव्हतं.

"आता तुमचं गाव दाखवा," भाग्या म्हणाली.
"आमच्यात काय आहे दाखवण्यासारखं," म्हणत
मेस्त्रींनी इस्त्रीचा शर्ट काढला.

बेळगावात पोचलो तेव्हा तिकडे नुकतं उजाडलं होतं.
खडेबाजारात न्हाव्याची लोखंडी खुर्ची,
मान टेकायची जागा तीन पिढ्यांच्या तेलानं काळी.
कॅम्पातल्या चर्चचा बाक,
पुढच्याच्या पाठीवर मागच्याचे हात टेकून टेकून
कड गोल झालेली.
("रंध्यानं अशी येत नाही," मेस्त्री म्हणाले,
"त्याला माणसं लागतात.")
एका हापिसाच्या व्हरांड्यात लंगडं टेबल,
पायाखाली घडी घातलेला कागद.
कन्नड की मराठी, घडीवरनं कळत नव्हतं.
टेबल मात्र हलत नव्हतं.

आत, कपाटामागं, हाताची एक खुर्ची.
मेस्त्री बघत राहिले, मग हात लावला.
"कुर्ची मुट्टब्याड्री," शिपाई ओरडला.
"नानऽ माडिद्दु," मेस्त्री म्हणाले. मीच केलीय.
शिपायानं त्यांच्याकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं,
आणि चहा सांगितला.

एकतीस वर्षं झाली होती.
आठ दिवसांत तीस खुर्च्या, टेंडरचं काम.
"बाबा, खालनं दाखवा की."

मी फोन खाली नेला. बॅटरी लावली.
मागच्या उजव्या पायाच्या सांध्यात
दोन इंची खिळा,
तिरका ठोकलेला,
भोवती लाकूड गंजानं काळंनिळं.

शेजारच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता.

"बाबा," तिकडून आवाज आला,
"काही दिसालं नाही. अंधार आहे फार."

बॅटरी चालूच होती माझ्या हातात.

चहा थंड झाला. शिपाई म्हणाला,
घट्ट आहे हो अजून, साहेब रोज बसतात.
मेस्त्रींनी मान हलवली,
होय म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

परतताना देसूरला रेल्वेचं गेट पडलेलं.
मालगाडी लांबलचक.
ते गाडीवर मागं बसलेले,
आणि माझ्या पाठीवर, शर्टावरून,
अंगठा आणि तर्जनी
कसलं तरी माप घेत होती.
सव्वा इंच, बहुतेक.
मग पुसून, परत.